दियोपचं गाणं, न्दियायचं हसू

बिरानचं गाणं मला पहिल्यापासून आवडलं नव्हतं. आवडण्यासारखं त्यात होतं तरी काय? ढाण ढाण ढाण, मग घसा बसल्यासारखा ह्याचा आवाज, आणि शेवटी सगळ्या गल्लीने बेंबीच्या देठापासून ओरडायचं, "पंप कुठंय?" मी त्याची आत्या, बापाची थोरली बहीण. आमच्याकडे बापापेक्षा आत्याचा शब्द जड. मी स्पष्ट सांगितलं, "गाणं म्हणायचं तर म्हण बाबा, भांडी कशाला आपटतोस?"

तो म्हणाला, "आत्या, तू करंज्या तळ."

माशाच्या करंज्या तळते मी, डाकार शहराच्या वेशीवर, आमच्याच वस्तीच्या नाक्यावर. त्यामुळे पोरं काय करतात ते मला बसल्या जागी दिसतं. हे गाणं आलं आणि सगळी येडी झाली. भर उन्हात टोपडी घालून भिंतीला टेकायची, कानात गाण्याचे बोळे कोंबायची आणि रडायची. खरोखर रडायची! पाते गेला तेव्हा ह्यांच्यातल्या एकानेही बादलीभर पाणी उपसलं नव्हतं. आता मात्र डोळे पुसत चहाचा तिसरा पेला मागायची.

पाते सार म्हणजे बिरानचा जिवलग मित्र. पावसाळ्यात आमच्या गल्लीत मांडीएवढं पाणी साचतं आणि महिनोन्‌महिने हलत नाही. त्या पाण्यात विजेच्या खांबाची तार पडली होती. पाते सकाळी पाव आणायला निघाला, तो परत आलाच नाही. पाणी उपसायचा सरकारी पंप त्या वेळी नगराध्यक्षांच्या शेतात कांद्याच्या वाफ्यांतलं पाणी उपसत होता. हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायची कुणाची छाती नव्हती. बिरान बोलला, तेही ठेका धरून आणि नगराध्यक्षांना अरेतुरे करून:

"पाण्यात कोण उभा? पाते उभा.
शेतात कोण उभा? पंप उभा.
मासाम्बा न्दियाय, सांग, पंप कुठंय?"

गाणं शाळेतून बसच्या टपावर गेलं, तिथून बाजारात, आणि दुसऱ्या वस्त्यांतली पोरंसुद्धा पातेसाठी गळे काढू लागली. पंप मात्र शेतातून हलला नाही. पातेची आई आवा सिसे माझी शेजारीण. गाणं सुरू झालं की ती दार लावून घ्यायची. म्हणायची, "माझ्या पोराचं नाव ह्यांच्या तोंडात चघळायला झालंय." मला तिचं पटत होतं.

मग पावसाळी फुटबॉलचा अंतिम सामना आला आणि नगराध्यक्षांचं निमंत्रण. बक्षीस समारंभात बिरानने त्यांच्यासमोर हेच गाणं म्हणायचं! पोरांच्यात दोन तट पडले. एक म्हणे, "विकला गेलास तू." दुसरा म्हणे, "तोंडावर म्हण, टीव्हीवाले येणार आहेत." बिरान रात्रंदिवस घोकत बसला. पंप जाहीरपणे परत मागायची ह्याहून मोठी संधी मिळणार नव्हती, हे मलाही कळत होतं.

तो मंचावर चढला. मैदान असं पेटलं की माझाही पाय ठेका धरू लागला. इतक्यात नगराध्यक्षांनी माईक हिसकावला. पांढराशुभ्र झगा, सुटलेलं पोट, आणि चेहऱ्यावर पंगतीत पहिला बसलेल्याचं समाधान.

"मंडळी, हा कोण? दियोप! मी कोण? न्दियाय! म्हणजे हा माझा गुलाम! दियोपला भूक लागली की तो असाच बोंबलतो. अरे, कुणीतरी भात आणा रे ह्याला!"

मैदान खो खो हसलं. हसणारच. दियोप आणि न्दियाय ह्या आडनावांचं थट्टेचं नातं वाडवडिलांपासून चालत आलंय. दियोपने न्दियायला चोर म्हणावं, खादाड म्हणावं, मयताच्या घरीसुद्धा म्हणावं, समोरच्याने रागवायचं नाही. जे म्हटलं ते मनावर घ्यायचंच नाही, हाच नियम. मीही हसले. आयुष्यभर न्दियायांना शिव्या देत आले, तोंडाला सवयच ती.

बिरान गायला लागला. "पाण्यात कोण उभा?" म्हटलं की नगराध्यक्ष झगा वर धरून पाण्यात चालल्याचं नाटक करायचे. "शेतात कोण उभा?" म्हटलं की पोट पुढे काढून म्हणायचे, "मी उभा!" मग नाचत आले आणि बिरानच्या घामेजल्या कपाळावर नोट चिकटवली. टीव्हीवाले खूश! आणि ती रडकी पोरं? ती दात काढत होती. महिनाभर भिंतीला टेकून ढाळलेले अश्रू एका विनोदात सुकले. बिरान नोट झटकत होता, आणखी मोठ्याने ओरडत होता. जितका ओरडेल तितकं हसू वाढत होतं.

माझ्या शेजारी आवा बसली होती. ती हसत नव्हती. तिच्याकडे पाहिलं आणि मी हसायची थांबले. हा लुच्चा काय करतोय ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मयताची मस्करी करून मोकळा होत होता.

मी उठले. मला माईक लागत नाही.

"दियोपांनो, तोंडं बंद करा! सगळ्यांनी खाली बसा! बिरान, तूसुद्धा!"

"आत्या, माझं गाणं आहे!"

"म्हणून तर बस म्हणतेय. तुझ्या तोंडून ती थट्टा होते, गाढवा! ह्या माणसाशी ज्यांचं थट्टेचं नातं नाही, त्यांनी म्हणा. आहे का कुणात दम? की नुसतंच रडता येतं?"

बिरान तांबारलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिला आणि मग मंचाच्या कडेला मट्‌कन बसला. मला वाटलं, झालं, ही पोरं आता घरी जाणार. पण किने लो नावाची पोरगी, जिला मी आजवर बावळट समजत होते, ती उभी राहिली आणि हळू आवाजात गाऊ लागली. ढाण ढाण नाही, काही नाही. मग दुसरा उठला, मग ओळच्या ओळ. ते गाणं इतकं सुरेल आहे हे मला त्या दिवशी कळलं.

नगराध्यक्ष अजून हसत होते. "आडनाव काय गं पोरी तुझं?"

"लो."

त्यांनी आठवून पाहिलं, थट्टेचं नातं सापडेना. "आणि तुझं रे?"

"काने."

तेही जुळेना. घाम पुसत ते बायकांच्या रांगेकडे वळले. आवा उभी राहिली होती. तिला पाहून त्यांना जरा धीर आला. "ताई, तुम्ही तरी सांगा, आडनाव काय तुमचं?"

"माझं सिसे," आवा म्हणाली. "मुलाचं सार. मयताला आला होतात तुम्ही. आमच्या परातीत जेवून गेलात."

पोरं गातच होती. बिरान ओठ आवळून बसला होता, त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मीही ओढणी तोंडात कोंबली, कारण मीही दियोप आणि मला गायचं होतं.