पाखरांच्या तोंडचा घास

मला ना शेत, ना कडबा. लेण्याद्रीच्या पायथ्याचं गायरान व्हतं म्हणून माझी ढवळी जगत व्हती. गायरान गेलं की गाय गेली, एवढं सरळ.

जुन्नरच्या पेठेतल्या हस्तीमल शेठजींनी पुण्याच्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातनं एक फुलझाड आणून घराभवती कुंपण केलं. एकाच गुच्छात पिवळी बी फुलं आन् गुलाबी बी. बघाया मी बी गेले, खोटं कशाला बोलू. फुलामागनं बारीक काळी फळं यायची. शेठजी जीवदयेचे, पाखरांना कुणी हाकलायचं न्हाई. उलट कुंपणाशी पाण्याची परळं ठेवलेली. मग काय, पाखरं खायची शेठजींच्या दारात आन् हागायची आमच्या गायरानात.

दोन-तीन पावसाळ्यांत गायरानात काटेरी झुडपं माजली. खाली गवताची काडी उगवंना. गावातली म्हणाली, रानतुळस असंल. मी पाला चुरगाळून हुंगला, चौकोनी फांदीवरनं बोट फिरवलं आन् कपाळावर हात मारला. फांदी मोडून तडक पेठ गाठली.

शेठजींनी माझी फांदी कुंपणाला लावून बघितली. पान तेच, काटा तोच, वास तोच. तरी म्हणाले, आमचं बागेतलं, हे रानटी. मी म्हणाले, मग डोळं मिटून वळखा कंचं कुठलं. त्यांनी काही डोळं मिटलं न्हाईत. मी म्हणाले, कुंपण उपटा, तर शेठजी म्हणाले, चातुर्मास लागलाय. हिरवं झाड मुळासकट काढायचं पाप, आन् पाखरांच्या तोंडचा घास काढायचा ते येगळंच. चातुर्मास सरेस्तोवर फळं पाखरांच्या पोटात गेली.

पुढल्या उन्हाळ्यात ढवळीनं भुकेपोटी तोच पाला खाल्ला. त्या इखानं उन्हात अंगाची कातडी सोलून निघाली. जगली, पण तिला घालू काय? लई रडले आन् तिला शेठजींच्या पांजरपोळात घेऊन गेले. टाकलेली जनावरं ते तिथं फुकट सांभाळायचे.

शेठजी सोता दारात आले. ढवळीच्या अंगाकडं बघून त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"बाई, काळजी करू नका," ते म्हणाले. "इथं मुक्या जिवाला काही कमी पडायचं नाही."

मी दावं त्यांच्या हातात दिलं. माघारी वळले तर पांजरपोळाच्या कडंनं नवी रोपं लावलेली. गडी पाणी घालत व्हता. एक पान तोडून चुरगाळलं, हुंगायची गरज बी पडली न्हाई. गडी म्हणाला, याला जनावर तोंड लावत न्हाई, म्हणून शेठजींनी कुंपणाला मुद्दाम हेच निवडलं.