तिळाएवढा गुलाबी कण

दगड काचेवर चिकटवून, घासून केसाहून पातळ काप काढायचा, हे उस्तादांचं तीस वर्षांचं काम. प्रयोगशाळेतला प्रत्येक दगड त्यांच्या चाकावरून जायचा आणि त्यांचा हात चुकला असं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

म्हणूनच खनिजांचा अभ्यास करणाऱ्या बाईंची पंचाईत झाली होती. खाणीतल्या दगडात त्यांना तिळाएवढे दोन गुलाबी कण सापडले. सोडियम असलेलं सिलिकेट, पण कुठल्याच यादीत न बसणारं. कण पाण्यात विरघळेल अशी बाईंना भीती होती, म्हणून पहिला कण तेलावर घासायला सांगितला. उस्तादांनी इमानेइतबारे तेलावरच घासला. तरी बाईंचा शोध पडताळायला आलेल्या तपासनीसांना काचेवर कणाच्या जागी दिसलं ते नुसतं भोक. बाईंनी मोजमापाचे आकडे मनचे लिहिले, अशी कुजबुज सुरू झाली. उस्तादांनीही त्या कुजबुजीला मान डोलावली होती.

आज दुसरा कण. तपासनीस वरच्या खोलीत बसलेले. हाही गेला की बाई कायमच्या खोटारड्या ठरणार आणि त्यांचं काम बंद होणार. या वेळी त्या चाकाशेजारीच उभ्या राहिल्या. उस्तादांना ते मुळीच आवडलं नाही.

चाक फिरलं. उस्ताद काच उचलून बघत, पुन्हा टेकवत. गुलाबी ठिपका फिका होत गेला, पण होता. आणखी दोन फेरे. मग एकच. 

अखेर उस्तादांनी काच उजेडात धरली. वर तेलाचा थर होता. जित्याची खोड म्हणतात ती अशी, अंगठा आपसूक जिभेला लागला आणि काच पुसायला निघाला.

बाईंनी त्यांचं मनगट गच्च पकडलं.

"उस्ताद, थुंकी म्हणजे पाणीच."

उस्तादांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. तीस वर्षं प्रत्येक काप त्यांनी असाच पुसला होता.

"म्हणजे पहिला मीच पुसला."

बाईंनी मनगट हळूच सोडलं. "मला तर वाटायला लागलं होतं, तो कण मला कधी दिसलाच नसावा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कोरड्या फडक्याने काच टिपली.

वर तपासनीसांचे आकडे बाईंच्या आकड्यांशी तंतोतंत जुळले. खनिज नवंच होतं. प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, मग पहिल्या वेळी काय बिघडलं? बाई म्हणाल्या, सांगता येत नाही.

"मला येतं," दारातून उस्ताद म्हणाले, आणि आपला अंगठा वर धरून आत आले.