साडूचा काळा पडदा

वायरमनला कुणी विचारलं असतं, की बाबा रे, तुला नेमकं खुपतंय काय, तर त्याने छाती काढून सांगितलं असतं, "मला? छे! मला कशाला काय खुपेल?" आणि हे सांगताना त्याच्या नाकपुड्या फुगल्या असत्या. खुपत होता तो साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. फोटोवाला.

या फोटोवाल्याचा स्टुडिओ होता तोवर सगळं ठीक होतं. एवढीशी खोली, एक स्टूल, दोन मोठे दिवे आणि मागे भिंतभर जाड काळा पडदा. वायरमनचा लग्नानंतरचा पहिला जोडीचा फोटो त्याच पडद्यापुढे निघालेला. तेव्हा तो साडूही झाला नव्हता. त्या फोटोत बायको अशी काही दिलखुलास हसली आहे, की वीस वर्षांत वायरमनने तिला पुन्हा तसं हसताना पाहिलं नाही. आणि तेव्हाही हसली होती ती फोटोवाल्याच्या विनोदाला. आता बोला!

मग हातोहाती फोन आले, फोनात कॅमेरे आले, आणि स्टुडिओत माशा मारायची पाळी आली. वायरमनला वाईट वाटलं. म्हणजे, वाटलं असं तो म्हणाला. आता माणसाने अशा वेळी गप घरी बसावं की नाही? पण साडूने दिवे विकले, स्टूल विकलं आणि त्रेचाळिसाव्या वर्षी सोलर पॅनल बसवायच्या प्रशिक्षणाला नाव घातलं.

"हा गच्चीवर चढणार? हा?" वायरमन जेवता जेवता हसला. "अगं, फोटो चावत नाही. वीज चावते."

"शिकतील की," बायको म्हणाली. "या वयात नवीन काही करायची हिंमत तरी आहे त्यांच्यात."

वायरमनने हातातला घास ताटात ठेवला. बावीस वर्षं! त्या भागातल्या निम्म्या घरांच्या भिंतींत वायरमनच्या हातची वायर होती, तेव्हा कुणाला हिंमत दिसली नव्हती. आठवडाभर तो धुमसला आणि सोमवारी जाऊन त्याच वर्गात स्वतःचं नाव घालून आला. घरी सांगितलं, की आता सगळं काम सोलरकडेच वळतंय, शिकून घेतलेलं बरं. ते खोटं नव्हतं. पण तेवढ्यासाठी कुणी तो अर्ज इतक्या घाईने भरत नाही.

शिकवणारी बाई कडक होती. आवाज असा, की ती गच्चीवर बोलली तर रस्त्यावरच्या माणसाने पाय आवरावेत. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "मेन स्विच बंद केला तरी पॅनलला त्याचा पत्ता नसतो. ऊन आहे तोवर पॅनलमधून निघणारी वायर जिवंत आहे. आधी पॅनल झाका, मग मीटर लावा, मगच हात."

वायरमनने जांभई दिली. मेन बंद म्हणजे बंद, एवढं त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं.

साडू मात्र दुसऱ्या दिवशी काखेत पिशवी मारून आला. पिशवीत स्टुडिओचा काळा पडदा. सरावाच्या चार पॅनलवर त्याने तो झटक्यात पसरला, चारही कोपरे दोरीने आवळले. बाईने मीटर लावलं. काटा जागचा हलेना.

"यातून उजेडाचा कण जात नाही, बाई," साडू लाजत म्हणाला. "अर्धी हयात उजेड अडवण्यातच गेली माझी."

"बघा!" बाई सगळ्या वर्गाला म्हणाली. "जुन्या धंद्यातली अक्कल नव्या धंद्यात अशी वापरायची असते."

वायरमनच्या अंगाचा तिळपापड झाला. एका फडक्याचं एवढं कौतुक? आणि वर हा साडू असा गोड, की दुपारी त्याच्यापाशी येऊन विचारतो, "दादा, हा जोड तुमच्यासारखा घट्ट कसा मारायचा? दाखवा ना." दाखवावा लागला. आठवड्याने साडूचे जोड बघून बाई म्हणाली, "सुरेख." कुणाकडून शिकला, ते तिला कुठे माहीत? साडूने सांगितलंही तिला, "दादांनी शिकवलं." त्याचा तर जास्तच राग आला.

शेवटच्या महिन्यात कळलं, की पॅनल बसवणारी एक कंपनी या वर्गातून एक गटप्रमुख घेणार आहे. एकच. बाकीचे त्याच्या हाताखाली. वर्गात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग या दोन साडूंकडे. दुसरं कुणी शर्यतीत नव्हतंच. वायरमनला त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. ती जागा साडूला मिळाली तर? कालपर्यंत 'जरा हसा, हनुवटी वर' म्हणणारा माणूस उद्या त्याला सांगणार, ही वायर इकडून घ्या?

परीक्षेच्या सकाळी साडू हात धुवायला गेला आणि पिशवी बाकावर राहिली. वायरमनने इकडेतिकडे पाहिलं. पडदा काढला, आपल्या हत्यारांच्या बॅगेत तळाशी कोंबला आणि पिशवीत जुने पेपर भरले. लाज नाही वाटली. खोटं कशाला बोला, मजा वाटली.

गच्चीवर एका वेळी दोघांनाच घ्यायचे. बाईने एका पॅनलच्या मागची सोललेली वायर दाखवली. तांबं उघडं पडलं होतं. हे पॅनल पंधरा मिनिटांत सुटं करायचं. झाकायचं कापड ज्याचं त्याने आणायचं. पहिली पाळी साडूची.

साडूने मेन बंद केला, पिशवीत हात घातला आणि पेपर बाहेर आले. तो क्षणभर त्या पेपरांकडे बघत उभा राहिला. वायरमनकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

"पडदा नाही, बाई. झाकल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"वेळ जातोय."

"जाऊ दे."

पंधरा मिनिटं तो कठड्यापाशी उभा राहिला. बाईने वहीत काहीतरी लिहिलं. वायरमनला वाटलं, आता गच्चीवरून ओरडून सगळ्या रस्त्याला सांगावं, साडू नापास!

मग त्याची पाळी आली. तो ऐटीत पुढे झाला. मेन खाडकन बंद केला. सवयीने खिशातला टेस्टर वायरीला टेकवला. टेस्टरचा दिवा काही लागला नाही. बाई मेनपाशी वळून नोंद करत होती. वायरमनने पक्कड सरळ केली आणि बावीस वर्षं घातला तसा उघड्या तांब्याकडे डावा हात घातला.

"दादा, ऊन आहे!"

साडू इतक्या जोरात ओरडला, की वायरमनचा हात वीतभर अलीकडे थबकला. बाई धावत आली. तिने मीटरची टोकं त्या वायरीला लावली. काटा सणकन पलीकडे गेला. घरच्या विजेच्या टेस्टरला पॅनलची वीज कळलीच नव्हती. वायरमनने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"झाका," बाई एवढंच म्हणाली.

झाकायला गच्चीवर एकच वस्तू होती, आणि ती त्याच्या बॅगेत होती. त्याने वाकून पक्कड, पेचकस, टेप बाजूला केले आणि काळा पडदा ओढून बाहेर काढला.

बाईची नजर पडद्यावरून पिशवीवर, पिशवीवरून वायरमनवर. "हा यांचा ना?"

"मीच दिला होता दादांना," साडू पटकन म्हणाला. "विसरलो मी. डोकंच फिरलंय आज."

वायरमनने मान वर केली. वाचला होता तो. हात वाचला, अब्रू वाचली, कदाचित जागाही. आणि समोर हा फोटोवाला, स्वतःचं नुकसान करून, जीव वाचवून, वर खोटंही त्याच्यासाठी बोलून, चेहऱ्यावर काही न दाखवता उभा. म्हणजे हेही यानेच करायचं? मोठेपणासुद्धा सगळा यालाच? वायरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खोटं बोलतोय तो!" तो ओरडला. "मी चोरला. पेपरसुद्धा मीच भरले. लिहा तुमच्या वहीत!"

बाईने वही मिटली. "पडद्याचं तुम्ही साडू-साडू घरी बघून घ्या. तुम्ही नापास झालात ते न झाकता हात घातलात म्हणून. आणि हे तुमचे साडू, झाकायला काही नव्हतं तर उन्हातल्या वायरीला हात लावायला तयार झाले नाहीत. मला गटप्रमुख असाच हवा."

खाली उतरताना साडूने पडद्याची घडी घातली आणि वायरमनच्या बॅगेत ठेवली. "पुढच्या महिन्यात परत परीक्षा आहे, दादा. तुम्हाला लागेल. पास झालात की माझ्याच गटात या, मला तुमचे जोड हवेत."

याच्यापेक्षा त्याने कानाखाली लगावली असती तर बरं झालं असतं.

घरी बायकोने चहा ठेवला. बॅगेतून डोकावणारं काळं कापड तिने लगेच ओळखलं. "अय्या, हा तर आपल्या फोटोतला पडदा! तुमच्याकडे कसा?"

"त्याने दिला."

"बघा," ती म्हणाली, "किती चांगले आहेत ते." आणि त्या पडद्यावरून हात फिरवत हसली. वीस वर्षांपूर्वीसारखी, अगदी तशीच.

वायरमनने डाव्या हाताने कप उचलला. हात धडधाकट होता, पाचही बोटं जागच्या जागी होती, आणि ती कुणामुळे होती हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चहा त्याला कडू लागला.