सैल न झालेला मुखवटा

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर आधी तुम्हाला नुसती भोकंच दिसतील. गाळणीला नाक आणि हनुवटी फुटावी, तसं माझं रूप. मी मुखवटा आहे, पण नाटकातला नव्हे. कर्करोगाच्या रुग्णालयात जिथे किरणांचा उपचार देतात, त्या खोलीत मी काम केलं. आता जुना झालो आहे. कपाटाच्या माथ्यावर पडून असतो.

सुरुवातीला मी प्लॅस्टिकची एक सपाट, पांढरी जाळी होतो. यंत्र चालवणाऱ्या ताईंनी मला गरम पाण्यात बुडवलं. मी पोळीच्या कणकेसारखा मऊ पडलो. मग त्यांनी मला टेबलावर निजलेल्या एका माणसाच्या चेहऱ्यावर पसरलं आणि कपाळ, नाक, गळा असं हळूहळू दाबत नेलं. गार होताच मी घट्ट झालो. त्या घटकेपासून साऱ्या जगात मी त्या एकाच माणसाच्या उपयोगाचा उरलो.

तो माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा होता. सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणत. त्यांच्या घशात, आवाजाच्या पेटीपाशी रोग होता आणि मानेवर लिंबाएवढी गाठ होती. उपचाराच्या वेळी चेहरा केसभरही हलू द्यायचा नाही, हे माझं काम. मला टेबलाला अडकवलं की काकांना तोंड उघडता येत नसे, आणि त्यांचं खरं दुखणं तेच होतं. सुटल्या सुटल्या ते म्हणायचे, "ताई, लिफ्टमध्ये अडकलेला माणूस निदान ओरडू तरी शकतो हो!"

भिंतीवरच्या खुंटीला माझ्या शेजारी आणखी एक मुखवटा टांगलेला असे. तो पोहायला शिकवणाऱ्या एका बाईंचा. त्यांनाही तोच आजार, गाठही मानेच्या त्याच बाजूला, किरणंही तेवढीच. दोघं दाराबाहेरच्या बाकावर शेजारी बसत. दार उघडं असलं की त्यांचं बोलणं मला ऐकू येई. बाई त्यांना दादा म्हणू लागल्या होत्या. आधी कुणाची गाठ जाते बघू, अशी त्यांची पैजसुद्धा लागली होती.

काही आठवड्यांनी माझा शेजारी बाईंच्या मानेवर खुळखुळू लागला. गाठ विरघळत चालली होती. ताईंची दोन बोटं आत सहज जात होती. "आता नवीन मुखवटा करावा लागणार!" असं म्हणताना ताईंना हसू आवरेना. आमच्या कामात सैल होणं म्हणजेच यश, मित्रांनो. शेजाऱ्याला खुंटीवरून काढलं आणि टाकून दिलं. मला एकटं वाटलं, पण हेवाही वाटला. रोज सकाळी मी वाट पाहायचो की आज तरी मी सैल होईन. मी होतो तसाच घट्ट राहिलो. मग तर आणखी आवळला जाऊ लागलो.

भर उन्हाळ्यात बाई गळ्याभोवती रुमाल गुंडाळून येऊ लागल्या.

"बाई, एवढ्या उकाड्यात हे काय?" काकांनी विचारलं.

"घसा धरलाय जरा, दादा."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही. काढा बघू तो."

रुमाल सुटल्याची सळसळ झाली. मग काका मोठ्यांदा म्हणाले, "अरे वा! गेली की हो तुमची! मग लपवता कशाला? मला वाईट वाटेल म्हणून?" आणि ते हसले. अगदी खरं हसले.

त्या दिवशी मला चेहऱ्यावर चढवल्यावर मात्र त्यांचे डोळे वाहू लागले. पाणी माझ्या जाळीखालून कानांकडे ओघळत होतं. मी अडकवलेला, त्यामुळे त्यांना ते पुसता येईना. इतक्या जवळ असूनही मलाही काही करता येईना.

एकदा त्यांच्यासोबत त्यांचा मेहुणा आला. बाकावरून त्याचा आवाज आला, "भाऊजी, त्या बाई बघा कशा हिमतीच्या. तुम्ही मनातून खचलात, म्हणून गुण येत नाही." दुसऱ्या दिवशी टेबलावर निजता निजता ते ताईंना म्हणाले, "मी जोर लावतोय हो, पण जमत नाहीये." जणू चूक त्यांचीच होती.

पुढे एके सकाळी डॉक्टर स्वतः खोलीत आल्या. सोबत काकांची मुलगी होती. यंत्र बंद ठेवून काकांना टेबलावरच बसवलं. मी त्यांच्या मांडीवर होतो.

"गाठीचा तुकडा आपण तपासायला पाठवला होता ना, त्याचा अहवाल आलाय," डॉक्टर म्हणाल्या. "किरणं पेशीतला एक धागा तोडतात. त्या धाग्यावर पेशीला लागणाऱ्या सगळ्या सूचना असतात. धागा तुटला की एक जनुक, म्हणजे त्यातलीच एक सूचना, पेशीला थांबवतो. सांधता आलं तर ती सांधते, नाही तर मरते. तुमच्या गाठीत हा थांबवणारा जनुकच बिघडलाय. तुटलेला धागा घेऊन पेशी वाढतच राहते."

"म्हणजे गाडीचा ब्रेकच गेलाय," काका म्हणाले.

"तसंच समजा. एका जनुकावर सगळं ठरत नाही, पण तुमच्या गाठीत त्याचा वाटा मोठा दिसतोय."

"मग बाईंची कशी गेली?"

"दुसऱ्याचं मी सांगणार नाही. पण काही गाठींत धागा सांधणारा जनुक बिघडलेला असतो. त्यांना जखम भरताच येत नाही, म्हणून त्या लवकर मरतात."

मुलीने घाबरत विचारलं, "मलाही हे येईल का?"

"नाही गं. हा बदल फक्त गाठीत झालाय. वारशाने आलेला नाही."

काका खाली मान घालून माझ्या जाळीत बोटं फिरवत होते. "मी मन घट्ट केलं असतं तर?"

"काका, जनुकाला मन कळत नाही. यात तुमचं काही चुकलं नाही."

मित्रांनो, तेव्हा त्यांनी सोडलेला श्वास माझ्या सगळ्या भोकांतून गेला. मग डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. ऑपरेशन करून रोग काढता येईल, पण आवाजाची पेटी जाईल. मुलीने त्यांचा हात धरला.

"चालेल," काका म्हणाले. "फक्त हे सगळं माझ्या मेहुण्याला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, सबब सांगतोय."

दारात थांबून ते म्हणाले, "ताई, येतो." त्यांचा स्वतःचा आवाज मी तेव्हा शेवटचा ऐकला. मी टेबलावर राहिलो.

ताईंना मला टाकवेना. नवीन आलेला रुग्ण घाबरला की त्या मला खाली काढतात आणि त्याच्या हातात देतात. हात आत जातात, बाहेर येतात. चेहरा कुणाचा बसत नाही.

खूप महिन्यांनी काका आले. त्यांना घेऊन बाईच आल्या होत्या. गळ्याशी एक छोटं यंत्र धरून ते बोलत होते. आवाज घरघरता, सपाट होता. मी तो ओळखला नाही, चेहरा ओळखला. बाकावरच्या एका रुग्णाची बायको म्हणाली, "तुम्ही हिंमत धरलीत म्हणूनच वाचलात, नाही का?"

"नाही हो," यंत्र घरघरलं. "हिंमत तर जे गेले त्यांच्याकडेही होती. माझी गाठ कापता आली, एवढंच. तुमच्या यजमानांना जोर लावायला सांगू नका. त्यांच्याजवळ बसा."

मग ताईंना हात करून ते गेले. कपाटाकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला वाईट वाटलं, पण त्यांनी तरी का पाहावं? ज्याच्याखाली रडलो, त्याची आठवण कुणाला हवी असते?

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी आजारी पडलं आणि उपचाराला गुण येईना, तर त्याला 'तू कमी पडलास' असं म्हणू नका. दोन चेहरे सारखे नसतात, तशा दोन गाठीही नसतात. तो गप्प असेल, तर तुम्हीही गप्प बसा. त्याचे हात अडकलेले असतील, तर त्याचे डोळे पुसा. मला ते कधी जमलं नाही.