गोंदात मोरचूद कोण?

प्रयोगशाळेत तिला सगळे पेशीबाई म्हणत. प्लास्टिकच्या छोट्या बशांमध्ये कातडीच्या जिवंत पेशी वाढवायच्या आणि नवं औषध, नवं मलम त्यांना सोसतं का ते पाहायचं, हे तिचं काम. शेजारच्या खोलीतले एक रसायनवाले टाके न घालता जखम चिकटवणारा गोंद तयार करत होते. त्यांचं नाव अर्थातच डिंकोबा पडलं होतं.

गोंदाचा तुकडा पेशींच्या खुराकात दिवसभर भिजवायचा आणि तो खुराक पेशींना द्यायचा, अशी चाचणी. सलग तिसऱ्यांदा पेशी आक्रसून सुट्या तरंगताना दिसल्या. साध्या खुराकावरच्या मात्र मजेत हातपाय पसरून होत्या.

"गेल्या?" डिंकोबांनी दारातूनच विचारलं.

"सगळ्या. या, बघा."

"नको. मयताला मी जात नाही."

ते हसले खरे, पण दोन वर्षांची मेहनत चेहऱ्यावरून ओघळत होती.

घरी जेवताना तिने हे वडिलांना सांगितलं. त्यांनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली होती.

"नुसत्या पिठाच्या खळीने कोणी मरत नाही," ते म्हणाले. "पण आम्ही तिच्यात मोरचूद घालायचो, त्याने किडे मरायचे. तुमच्या गोंदात मोरचूद कोण आहे?"

"बाबा, त्यात मोरचूद नसतो."

"त्याचा कोणी भाऊबंद असेल. एकेकाला बाजूला घेऊन विचार."

तिने तसंच केलं. गोंदातला एकेक पदार्थ वेगळा करून पेशींना दिला. बाकीचे साळसूद निघाले. गोंद घट्ट करणारं रसायन तेवढं मारक होतं. जास्त झालेलं रसायन गोंदातून झिरपत होतं.

"कमी घातलं तर गोंद उशिरा धरेल," डिंकोबा कुरकुरले. "दहा सेकंदांऐवजी चाळीस."

ज्यांच्यासाठी हा गोंद बनत होता त्या सर्जनबाईंना तिने तिथल्या तिथे फोन लावला.

"चाळीस सेकंद?" त्या म्हणाल्या. "टाके घालायला मला दहा मिनिटं लागतात. खुशाल घ्या."

नव्या गोंदाची चाचणी झाली. पुढे आणखी पुष्कळ चाचण्या बाकी होत्या, पण त्या सकाळी बशीभर पेशी एकमेकींना खेटून पसरल्या होत्या. या खेपेला डिंकोबा आपणहून सूक्ष्मदर्शकाशी आले.

"ही मधली फुगलीय. हिला काय झालं?"

"काही नाही, एकीच्या दोन होतायत. बाळंत होतेय, हळू बोला."

डिंकोबांनी खरोखरच आवाज खाली आणला, खुर्ची ओढून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथून हलले नाहीत.