अकरा काड्या

नऊ.

मंगरूनं आइसक्रीमच्या काड्यांची जुडी दातांत धरली आणि अंगठ्यानं आणखी एक काडी मधे रेटली. डोळ्यांत पाणी आलं.

दहा.

तोंडाच्या कॅन्सरमधून उठलेली माणसं महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तुमसरच्या या खोलीत जमत. ऑपरेशननंतर जबडा आखडू नये म्हणून काड्या दातांत धरून बसत. कुणाच्या किती मावल्या, ते ललिताबाई वहीत लिहीत. त्यांचे यजमान याच दुखण्यानं गेले. तेव्हापासून खोली त्याच उघडत.

अकरा.

बारावी जाईना. मागच्या खेपेला चौदा गेल्या होत्या. जीभ गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्याला लागली आणि मंगरूनं ती मागं घेतली. तो दिसून वीस दिवस झाले होते. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"मंगरूभाऊ, किती?"

"चौदा." जुडी त्यानं मुठीत झाकली.

"भैय्यालालभाऊ?"

"सोळा," पानटपरीवाला भैय्यालाल म्हणाला. एकेकाळी तो अर्ध्या तुमसरला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून देई. आता नुसती पानं विकतो. "बायको म्हनते, आता तोंड बंद करा."

सगळे हसले. मग टॉर्च निघाला. जोडीजोडीनं एकमेकांची तोंडं पाहायची.

मंगरू उठला. "मले घाई हाय. चिखल्याची गाडी सुटते."

"गाडी पाचची हाय. अन् माह्यं तोंड कोन पाहीन? खानीत छत पाहनारा मानूस तू." भैय्यालालनं टॉर्च त्याच्या हाती दिला, डोळे मिटले, आ वासला.

छत.

चिखल्याच्या खाणीत सुरुंग उडाल्यावर पहिला आत जायचा तो मंगरू. सळईनं छत ठोकायचा. टणटण वाजलं तर छत पक्कं. बद्द वाजलं, तर मागं थांबलेल्या माणसांना त्यानं बावीस वर्षांत एकदाही 'या' म्हटलं नव्हतं.

डावा गाल. उजवा. जिभेखाली.

भैय्यालालनं मंगरूचं मनगट घट्ट धरलं होतं. सोळा काड्यांच्या माणसानं.

"साफ हाय."

भैय्यालालनं डोळे उघडले नाहीत. "खरं सांगून राहिला ना?"

मंगरूनं मुठीतल्या काड्या अंगठ्यानं चाचपल्या.

"खरं हाय," तो म्हणाला. मग, वहीकडं न बघता, "बाई, माह्ये चौदा खोडा. अकरा लिहा."

ललिताबाईंनी चौदावर रेघ मारली.

मंगरूनं टॉर्च भैय्यालालच्या हाती दिला आणि जेवढं उघडेल तेवढं तोंड उघडलं. उजेड गालात शिरला. एका जागी थांबला. तिथंच राहिला.

भैय्यालालनं टॉर्च विझवला.

"उद्या पहिल्या गाडीनं नागपूर," तो म्हणाला. "मी तुमसर रोड टेशनले उभा राहतो. डबा आनू नको, माह्या घरून पातळ खिचडी आनतो."

मंगरूनं मान हलवली. मूठ उघडली तेव्हा काड्या घामानं एकमेकींना चिकटल्या होत्या.