खाटेखालचा दरवाजा

मी एक जुना रंधा आहे. मित्रांनो, इतर जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळ्यांत पाणी आणतात. मला तेवढी सवड नाही. मला राग आला आहे आणि तोच सांगणार आहे.

माझे अंग टणक लाकडाचे, पाते पोलादी. एका सुताराने मला स्वतःच्या हाताने घडवले. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांच्या हाताखाली मी वीस वर्षे खडबडीत फळ्या गुळगुळीत केल्या. "रंधा असावा तर असा," असे शेजारचा लोहार म्हणे आणि मी फुगत असे. खोटे कशाला बोलू?

मिस्त्रींची मुलगी भिंगरी. एका जागी ठरत नसे, म्हणून हे नाव. नऊ वर्षांची असताना तिने एका फळीवर पेन्सिलीने लिहिले : दहाव्या वर्षी स्टूल. बाराव्या वर्षी दरवाजा. विसाव्या वर्षी होडी, सहा माणसे बसतील अशी. ती फळी तिने कारखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवली.

स्टूल झाले. एक पाय आखूड होता, पण झाले. बाराव्या वर्षी तिने मला दोन्ही हातांनी धरून कपाटाचा दरवाजा केला. तो चौकटीत बसेना. वरून तासला की खाली फट पडे, खालून सरळ केला की वर अडे. तीन दिवस ती झटली. चौथ्या दिवशी तिने तो खाटेखाली सरकवला आणि कोणाला काही बोलली नाही.

त्याच आठवड्यात मिस्त्रींना घाईच्या कामाला एक फळी कमी पडली. त्यांनी भिंतीजवळची उचलली. लाकडावरची पेन्सिल म्हणजे माप, आणि जुने माप सुतार वाचत बसत नाही, पुसतो. त्यांनी रंधा मारला. माझ्याच तोंडातून ती होडी ढलपी होऊन बाहेर पडली. त्या दिवशी मला माझ्या धारेची चीड आली.

"अगं, मला वाटलं मापं आहेत," भिंगरी शाळेतून आल्यावर मिस्त्री म्हणाले. "दुसऱ्या फळीवर लिही की."

"राहू दे, बाबा."

तिच्या चेहऱ्यावर दुःख होते, पण सुटकाही होती. ती सुटका पाहिली आणि माझे डोके फिरले.

पुढे मिस्त्रींचे हात थरथरू लागले, कारखाना बंद पडला. भिंगरी फर्निचरच्या दुकानात विक्रीला लागली. तिने मला तिथे नेले, वार्निश फासले आणि शोभेसाठी भिंतीवर ठोकले. माझे पाते गंजत होते आणि गिऱ्हाईक म्हणे, "किती छान जपलंय." जपलंय म्हणे! मग भिंगरी उसासा टाकून सांगे, "मला होडी बांधायची होती हो. बाबांनी स्वप्नावर रंधा मारला." हे तिने शंभरदा सांगितले. दरवाजाचा उल्लेख एकदाही नाही. नाचता येईना, अंगण वाकडे.

एक दिवस मिस्त्री तिची विसरलेली छत्री द्यायला आले आणि कपाटाआड उभे राहून त्यांनी हे ऐकले. गिऱ्हाईक गेल्यावर ते म्हणाले, "खाटेखालचा दरवाजा मला सापडला होता गं. माझा पहिला दरवाजाही असाच अडला होता. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

भिंगरीने सोफ्यावरची किमतीची चिठ्ठी सरळ केली. "फळीमुळे नव्हतं सोडलं, बाबा. दरवाजा जमला नाही, त्याची लाज वाटली."

"तो अजून आहे तिथेच."

तिने मला भिंतीवरून उपटले. पाते दगडावर घासायला तिला दोन दिवस लागले. आता ही बेचाळीस वर्षांची बाई दर सुट्टीला त्याच दरवाजाशी झगडते. भिंतीला नवी फळी आहे. मिस्त्री ती रोज वाचतात, पण हात लावत नाहीत.

मित्रांनो, माझा राग अजून उतरलेला नाही. तीस वर्षे फुकट गेली. तुमच्या फळीवरचे कोणी चुकून पुसले तर भांडा, आणि त्याच दिवशी पुन्हा लिहा. पण जे तुम्हीच खाटेखाली सरकवले, त्याचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडू नका. आणि आम्हाला वार्निश लावून जपू नका. वापरा.

काल दरवाजा वर बसला. खाली अजून फट आहे.